शितानं चिकटवलेली चिठ्ठी

माझ्या मोठ्या मुलीचं, ललिताचं, लग्न झालं ते साल एकोणीसशे चौऱ्याण्णव. वैशाख महिना होता. लग्नाच्या आदल्या दिवशी तिनं स्वतःच गेरू कालवला आणि घराच्या कुडावर आपलं नाव, राजूचं नाव आणि त्याखाली साल लिहिलं.

मी विचारलं, "हे खाली काय लिवलं?"

"साल हाय बा. उद्या तू विसरशील."

"पोरीच्या लग्नाचं साल कोण विसरतं?"

"मग सांग बरं, माझ्या जन्माचं साल कोणतं?"

मांडवात बसलेल्या बाया खो खो हसल्या. मला सांगता आलं नाही. ती जन्मली त्या वर्षी आमचा तांबडा बैल दरीत पडला होता, एवढंच मला ठाऊक होतं.

आमचा पाडा पेठ तालुक्यात, सडकेपासून अर्धा तास खाली उतरल्यावर. तीस-बत्तीस घरं. भात झोडून झालं की निम्मा पाडा दिंडोरीकडं द्राक्षाच्या बागांवर जातो आणि होळीला परत येतो. तेव्हा गेलेल्या माणसाचा निरोप यायचा तो परत येणाऱ्या माणसाच्या तोंडून. आणि आमच्या जुन्या माणसांची एक रीत होती, की निरोपाबरोबर खूण लागते. घरातून निघताना जाणारा माणूस घरच्याच्या कानात एक वाक्य सांगायचा. पुढं कोणी निरोप घेऊन आला तर त्यानं आधी ते वाक्य बोलायचं. बोलला तर निरोप खरा. नाही बोलला तर त्याला पाणी पाजायचं आणि वाटेला लावायचं.

मधल्या काळात लोक ही रीत सैल धरायला लागले होते. मग तानुबाईच्या मुलीचं झालं.

तानुबाई आमच्या शेजारची. तिचा नवरा विंचूरला कांद्याच्या चाळीवर कामाला होता आणि तिकडच्या कोणाकडून पत्र लिहून घेऊन पाठवायचा. पत्र यायचं सडकेवरच्या यादवच्या दुकानात. यादव मनाचा वाईट नव्हता. पण त्याला वाचता येतं याचं त्याला फार कौतुक होतं. पत्र आलं की तो ओट्यावर उभा राहून मोठ्यानं वाचायचा. चहा प्यायला थांबलेले ड्रायव्हरसुद्धा ऐकायचे. बाप कुठल्या चाळीवर आहे, मुकादमाचं नाव काय, मुलीला लाडानं चिमणी म्हणतो, हे सगळं ओट्यावर सांडायचं. एका दुपारी एक माणूस जीप घेऊन आला. तानुबाई रानात होती. त्यानं मुलीला चिमणी म्हणून हाक मारली, मुकादमाचं नाव सांगितलं, बाप पडला आहे, तुला बोलावलं आहे म्हणाला. मुलगी गेली. ती परत आली नाही. पोलीस आले, चार महिने शोध झाला. तानुबाई अजून जिवंत आहे आणि अजून सडकेवर जाऊन बसते.

त्यानंतर मी दोन गोष्टी केल्या. माझी धाकटी, तृप्ती, आश्रमशाळेत पहिलीला होती, तिला घरी आणलं. आणि खुणेची रीत माझ्या घरात घट्ट केली. जुनी माणसं एकच खूण वर्षभर वापरायची. मी म्हटलं, खूण एकदा तोंडातून निघाली की ती निरोप्याला कळली. म्हणजे ती मेली. पुढच्या निरोपाला नवी खूण पाहिजे, आणि नवी खूण सांगायची ती समोरासमोर, कानातच. माझी बायको भागी म्हणाली, "तुमी तर सरकारी तिजोरीला कुलूप लावल्यावानी करता." पण पाड्यातल्या दहा-बारा घरांनी माझा नियम उचलला. लोक मला विचारायला यायचे. मला ते आवडायचं, हे आज लिहितो.

आणखी एक गोष्ट इथंच सांगायला हवी. आमच्या घरामागं एक जुना आंबा आहे. ललिता दहा वर्षांची असताना एक लाकूडवाला द्राक्षाच्या पेट्यांसाठी आंब्याची झाडं घेत फिरत होता. मी त्याला झाड देतो म्हणालो. सकाळी तोडायला निघालो तर कुऱ्हाड जागेवर नाही. घरात त्या दिवशी भागीचा भाऊ धोंडीराम मुक्कामाला होता. माझी कुऱ्हाड चांगल्या पोलादाची होती आणि धोंडीरामनं आदल्या दिवशीच तिचं कौतुक केलं होतं. मी त्याच्यावर आळ घेतला. शब्दानं शब्द वाढला, तो भाकर न खाता उठून गेला, आणि दोन वर्षं माझा उंबरा चढला नाही. या भांडणात लाकूडवाला पुढच्या गावाला निघून गेला आणि आंबा राहिला.

पुढं भागीनं मध्ये पडून आम्हाला बोलतं केलं. पण धोंडीराम आला की दारातूनच म्हणायचा, "दाजी, विळे-कोयते मोजून ठिवा, चोर आला." सगळे हसायचे. मीही हसायचो. आतून मात्र मला वाटायचं, यानंच नेली. पाड्यात सगळ्यांना ठाऊक होतं की मंगळूची, म्हणजे माझी, कुऱ्हाड हरवली, कारण मी आठ दिवस ओरडत फिरलो होतो.

लग्नानंतरच्या दिवाळीला ललिता आणि राजू दिंडोरीकडं एका बागेवर गेले. निघताना ती माझ्या कानाशी आली आणि म्हणाली, "खापरावरची भाकर करपली." मग दूर होऊन हसली. "बा, तुझ्या कानात केवढे केस!"

पौषात थंडी वाढली. आमच्या पाड्यातली गोजराबाई बागेवरून चार दिवसांसाठी घरी आली. अंगणात उभी राहून म्हणाली, "भाऊ, खापरावरची भाकर करपली. ललितानं गोधडी मागितलीय. तिथं लय गारठा हाय." मी गोधडी दिली. खूण वापरली गेली. एका गोधडीसाठी. मी गोजराबाईला म्हटलं, "तिला सांग, खूण मेली. आता होळीला भेटू तेव्हा नवी."

पण ललिता चौथी शिकलेली होती आणि तिचं डोकं माझ्यापेक्षा जलद चालायचं. मधले दोन महिने खुणेवाचून कसे जायचे, असा तिनं विचार केला असणार. पंधरा दिवसांनी गोजराबाई पुन्हा आली ती एक चिठ्ठी घेऊन. बोटाएवढी घडी, आणि घडीच्या कडा भाताची शितं चुरून चिकटवलेल्या.

"काय हाय यात?" मी विचारलं.

"मला काय म्हाईत? मला येतंय का वाचता? पोरगी म्हणाली, बाच्या हातात दे, आणि सांग, धोंडूमामाशिवाय कोणाला उघडू देऊ नको."

मला लगेच कळलं. नवी खूण. तोंडानं सांगितली असती तर गोजराबाईला कळली असती. म्हणून तिनं लिहिली आणि बंद केली. धोंडीरामला वाचता यायचं आणि तो दर बाजाराला आमच्याकडं येऊन जायचा, हे धरून. मला पोरीचा असा अभिमान वाटला की मी ती चिठ्ठी भागीला तीनदा दाखवली. ललिताला एवढंच ठाऊक नव्हतं की त्या वर्षी धोंडीरामसुद्धा विंचूरला कांद्याच्या कामाला गेला होता आणि होळीशिवाय येणार नव्हता.

भागी म्हणाली, "यादवकडून वाचून घ्या."

"यादवला दाखवायची म्हणजे दवंडी पिटायची."

"हळू वाच म्हणावं."

"त्याला हळू येत नाय."

पाड्यातल्या शाळेचे गुरुजी बदलून गेले होते, नवे आले नव्हते. तृप्तीला अक्षर येत नव्हतं, कारण मीच तिला शाळेतून काढलं होतं. मी चिठ्ठी बांबूच्या पेरात घातली, तोंडाला चिंधीचा बोळा लावला आणि पेर आढ्याला टांगलं. होळीला सव्वा महिना होता. ललिता येईल तेव्हा कानात सांगेल, नाहीतर धोंडीराम वाचेल. मला काही अडचण दिसली नाही.

महाशिवरात्र आठ दिवसांवर होती. सोमवार होता. भर दुपारी मी अंगणात कणगीला शेण लिंपत होतो. भागी नदीवर गेली होती. तृप्ती घरात नागली दळत होती. उतारावरून एक अनोळखी माणूस आला. पंचविशीचा, अंगात खाकी सदरा, पायात रबरी चपला. चालून घामेजला होता. तो ऊन टाळायला आंब्याखाली गेला आणि खोडाला पाठ लावून उभा राहिला.

"मंगळू भोये तुमीच का?"

"तू कोण?"

"मी किशोर. बागेवर टेम्पो चालवतो. जीप वर सडकेला लावलीय. बाबा, तुमची ललिता लय आजारी हाय. कावीळ झालीय. शेठनं नाशिकला मोठ्या दवाखान्यात नेलंय. राजू तिच्यापाशी बसलाय. तुमाला बोलावलंय, तिच्या आईला पण. आणि धाकटीला संगं आणा म्हणाली. तिला बघायचंय म्हणते."

जीप आणि धाकटी, हे दोनच शब्द माझ्या कानात राहिले. दळण्याचा आवाज थांबला होता. तृप्ती दारात येऊन उभी होती. ती तेव्हा तेरा वर्षांची होती. मी तिला म्हणालो, "आत जा." मग त्याला म्हणालो, "खूण सांग."

"हां, ते राहिलंच. ती म्हणाली, आधी हे सांग." तो थांबला, आठवलं आणि पाठ केल्यासारखं म्हणाला, "कुऱ्हाड ढोलीत हाय."

हातातलं शेण मी खाली टाकलं.

"कोणती कुऱ्हाड?"

"मला काय ठाव बाबा? तिनं सांगितलं ते मी सांगितलं."

"कोणत्या ढोलीत?"

"अवो, पोरगी बोलायच्या ताकदीत नाय! एवढंच दोनदा म्हणाली. म्हणाली, बाला एवढं सांग, तो धावत येईल."

मी काय विचार केला ते नीट लिहितो, कारण तो विचार मी तेव्हापासून रोज करतो. मी विचार केला की हा माणूस माझ्या हरवलेल्या कुऱ्हाडीचं बोलतो आहे. कुऱ्हाड हरवली हे सगळ्या पाड्याला ठाऊक आहे. सडकेवर ठाऊक आहे. यादवच्या ओट्यावर ठाऊक आहे. तानुबाईच्या मुलीला नेणाऱ्यालाही तिचं लाडाचं नाव ठाऊक होतं. कोणीतरी याला सांगून पाठवलं आहे की मंगळूकडं खूण लागते, तर त्याच्या घरातलं काहीतरी बोल, म्हणजे तो फसेल.

"चिठ्ठीत काय हाय ते सांग," मी म्हणालो.

"कोणती चिठ्ठी?"

त्याला चिठ्ठीचं ठाऊक नव्हतं. कसं असणार? पण माझा संशय पक्का झाला. मी कोपऱ्यातली काठी उचलली.

"मला मारता का काय? मी तीन तास गाडी चालवून आलोय!"

"आला तसा जा. परत या पाड्यात दिसलास तर लोकं गोळा करीन."

तो माझ्याकडं बघत राहिला. त्याला राग आला नव्हता. त्याला काय करावं ते कळत नव्हतं. "मंग तुमी एकले तरी चला," तो म्हणाला. "धाकटीला नका आणू. तुमीच चला. मी तिला काय सांगू जाऊन?"

मी एकटा गेलो तर घरी तृप्ती आणि भागी दोघीच राहतील, मला बाहेर काढायचाच डाव असेल, असं मी ठरवलं. मी काठी वर केली. तो आंब्याखालून निघाला आणि चढ चढून गेला. जाताना त्यानं दोनदा मागं वळून पाहिलं.

भागी पाणी घेऊन आली. तिला सगळं सांगितलं तेव्हा हंडा तिच्या डोक्यावरच होता. तिनं तो उतरवलाही नाही.

"पेर खाली काढा," ती म्हणाली. "यादवकडं चला. आत्ता."

"खूण फुटंल."

"फुटू द्या!"

"मग पुढं खरा निरोप आला तर तो कशावर धरायचा?"

"आणि हाच खरा असंल तर?"

मी म्हणालो, "खऱ्या निरोपाला जीप घेऊन अनोळखी माणूस येतो का? राजू आला असता." तिनं हंडा उतरवला. तिला तानुबाईचं घर समोर दिसत होतं. तृप्ती तिच्या पदराला धरून उभी होती. भागी शेवटी खाली बसली. तिलाही भीती होती. पण तिनं माझ्या नियमावर विश्वास ठेवला, आणि माझा विश्वास त्या नियमावर जरा जास्तच होता.

मंगळवार गेला. बुधवारी मी पेर खाली काढलं, चिठ्ठी हातात घेतली, शितांचे वाळलेले ठिपके बोटानं चाचपले, आणि परत ठेवली. उघडून मला काय दिसणार होतं? गुरुवारी भागीनं भाकरी बांधली. म्हणाली, "उद्या मी एकली पायी जाते. मला कोण पळवतंय?" शुक्रवारी सकाळी ती निघायच्या आत राजूचा चुलतभाऊ उतारावरून आला. त्यानं डोक्याला बांधलेलं फडकं काढून हातात घेतलं होतं. त्याला मी खूण विचारली नाही.

राजू मला नंतर भेटला. शिव्या देईल, मारेल असं वाटलं होतं. तो म्हणाला, "मामा, किशोर परत आला आणि तुमी काठी घेऊन धावलात म्हणाला. मी तिला ते सांगितलं नाय. मी सांगितलं, येतायत. ती म्हणायची, खूण सांगितलीय, बा येईल. दाराकडं बघायची." डॉक्टर काय म्हणाले, मी विचारलं. तो म्हणाला, "डॉक्टर म्हणाले, उशिरा आणली. तुमी आला असता तरी त्यांच्या हातात काय नव्हतं." हे तो माझ्यासाठी म्हणाला की खरं होतं, ते मला कळलं नाही. मी पुन्हा विचारलं नाही.

होळीला धोंडीराम आला. दारातून काही बोलला नाही. बहिणीजवळ बसून रडला. मग मला म्हणाला, "दाजी, पोरीनं माझ्यासाठी काय चिठ्ठी धाडली होती म्हणं. गोजराबाई सांगत होती. आणा, वाचतो."

मी म्हणालो, "हरवली."

भागीनं माझ्याकडं बघितलं. पेर तिच्या डोक्यावर टांगलेलं होतं. उठून तिनं भावाला पाणी दिलं.

चिठ्ठी बंद होती तोवर आत दुसरंच काही असू शकत होतं. एखादं भलतंच वाक्य, कोंबड्याचं, पावसाचं, कशाचंही. मग किशोर खोटा ठरला असता, निदान त्याचं वाक्य तरी, आणि मी नियमाप्रमाणं वागलो असं मला म्हणता आलं असतं. पण त्या माणसाचा आवाज घरातून जाईना. मी दुपारी अंगणात बसलो की आंब्याखालून स्पष्ट यायचा. कुऱ्हाड ढोलीत हाय. पाठ केल्यासारखा, दमलेला. मी वळून बघायचो तर खोडावर ऊन असायचं. एकदा शेळ्यांना पाला तोडताना मी तृप्तीला विचारलं, "तुला काय ऐकू आलं का?" ती म्हणाली, "बा, मला पण येतं." मग मी तिला कधी विचारलं नाही.

दीड वर्षानं आमच्या पाड्यात साक्षरतेचा वर्ग निघाला. अंगणवाडीच्या लताबाई दुपारी शाळेच्या पडवीत शिकवायच्या. बाया जास्त, पुरुष आम्ही चौघं. मी तृप्तीला बरोबर घेऊन बसलो. लताबाई पहिल्या दिवशी म्हणाल्या, "बाबा, आधी सही शिका. अंगठा सुटला की हुरूप येतो."

"सही नको बाई. मला वाचायला शिकवा."

"लिहिल्याशिवाय वाचन कसं येणार?"

"मला लिहायचं काय नाय. वाचायचं हाय."

"काय वाचायचंय एवढं? कोर्टाचा कागद आहे का?"

बाया हसल्या. मी म्हणालो, "तसंच समजा."

माझी बोटं जड, नजर मंद. तृप्ती तीन महिन्यांत भराभर वाचायला लागली आणि मी अजून एकेक अक्षर बोटानं धरत होतो. घरी आल्यावर ती आढ्याकडं बघायची. एक दिवस म्हणाली, "बा, मी वाचू का?" मी नको म्हणालो. तिच्या बहिणीनं ती चिठ्ठी माझ्या हातात द्यायला धाडली होती. आणि तृप्तीला शाळेतून घरी आणून ठेवणारा मीच होतो. ते वाक्य तिच्या तोंडून ऐकायची माझी हिंमत नव्हती.

सत्त्याण्णव सालच्या माघात मी पहिल्यांदा कुडावरचं वाचलं. ललिता. राजू. आणि साल. ते वाचून झाल्यावर मी पेर खाली काढलं. भागी शेतात होती. मी आंब्याखाली जाऊन बसलो. वाळलेली शितं नखानं उकरली. कागद एका जागी फाटला, पण अक्षरावर नाही.

तिचं अक्षर मोठं होतं, वहीच्या दोन ओळींत एक मावणारं. मला वाचायला ऊन कलेपर्यंत वेळ लागला.

"धोंडूमामा, हे तूच वाचत असशील. मोठ्यानं वाचू नको. बाच्या कानात सांग. नवी खूण, कुऱ्हाड ढोलीत आहे. ती मी लपवली होती. आंबा तोडू नये म्हणून. मागच्या आंब्याच्या ढोलीत आहे. तुझ्यावर आळ आला तेव्हा भीतीनं बोलले नाही. आता माझं लग्न झालं आता बा मारणार नाही. तरी तू मध्ये उभा राहा. ललिता."

मी उठलो. ढोली माझ्या डोक्याच्या वर दोन हातांवर होती. किशोर उभा होता त्या जागेच्या बरोबर वर. मी दगड रचून चढलो आणि हात आत घातला. पाला, मुंग्या, ओल. मग लोखंड हाताला लागलं. दांडा वाळवीनं खाल्ला होता, तो हातातच चुरला. पातं गंजलं होतं पण शाबूत होतं.

मी ते पातं अंगणात आणून ठेवलं. भागी शेतातून आली. तिनं पात्याकडं बघितलं, माझ्या हातातल्या उघड्या कागदाकडं बघितलं. पात्यावरचा गंज बोटानं पुसला. मग म्हणाली, "दांडा नवा घालाया लागंल." आणि घरात गेली. त्या दिवशी चूल पेटली नाही.

दुसऱ्या दिवशी मी पातं फडक्यात गुंडाळून धोंडीरामच्या गावाला पायी गेलो. तो दारातच होता. मला बघून म्हणाला, "या दाजी. आज चोराच्या घरी कसे?"

मी पातं त्याच्यापुढं ठेवलं आणि चिठ्ठी दिली. त्यानं ती वाचली, मोठ्यानं नाही. मग माझ्याजवळ आला, माझ्या कानाशी तोंड नेलं आणि तिनं सांगितलं होतं तसं कानात सांगितलं, "कुऱ्हाड ढोलीत आहे." त्याच्या श्वासाला तंबाखूचा वास येत होता. मी त्याच्या पायावर डोकं ठेवायला वाकलो तर त्यानं मला धरलं. नंतर त्यानं कधीच चोराची थट्टा केली नाही. मला ती थट्टा हवी होती.

मी किशोरला शोधायला दिंडोरीला दोनदा गेलो. तो टेम्पो सोडून कुठं गुजरातेत गेला होता. त्याला मला एवढंच सांगायचं होतं की तू निरोप बरोबर पोचवला होतास.

भागी दोन हजार चारच्या पावसाळ्यात गेली. तृप्तीचं लग्न झालं, ती इगतपुरीला असते, नवरा रेल्वेत आहे. तिनं मला मोबाइल घेऊन दिला आहे. तो वाजला की मी आधी म्हणतो, "खूण सांग." नातवंडं तिकडं हसतात. "आजोबा, आईचा आवाज ओळखत नाय का?" ओळखतो. तृप्ती मात्र कधी हसत नाही. तिनं खूण सांगितली की पुढचं मी तिला बोलू देत नाही. म्हणतो, "सांग, कुठं येऊ?" ती म्हणते, "कुठं नाय बा. सहज केला." तरी माझ्या पायात चपला असतात.

घर दर वर्षी सारवतो तेव्हा कुडावरची तेवढी जागा सोडतो. गेरू फिका झाला आहे. मी लिहायला शेवटी शिकलोच, आणि गेल्या वर्षी लग्नाच्या सालाखाली माझ्या हातानं लिहिलं. अक्षरं वाकडी आहेत, पण कोणालाही वाचता येतील एवढी मोठी आहेत.

ललिता राजू गावित, वय वीस, पोटात सहा महिन्यांचं मूल असताना कावीळ होऊन नाशिकच्या दवाखान्यात वारली. गुरुवार, तेवीस फेब्रुवारी एकोणीसशे पंच्याण्णव.